दुसऱ्या बाळाची तयारी, थोरलीपासून

नवजात बाळ दिवसाला ८ ते १२ वेळा पितं. एकेका वेळी २० ते ४० मिनिटं जातात. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पुन्हा निजवणं धरलं तर आईचे पाच-सहा तास बसल्या जागी संपतात. पहिल्या बाळाच्या वेळी त्या तासांवर दुसऱ्या कुणाचा हक्क नव्हता. दुसऱ्या वेळी ते सगळे थोरलीच्या दिवसातून कापून घ्यावे लागतात. बाळाचं करणं अवघड नसतं. दुपटं कसं गुंडाळायचं, टाळूवर तेल किती घालायचं, हे हात विसरलेले नसतात. खरी तयारी करायची ती या तासांची.

इथे लिहिलंय ते दोन खोल्यांच्या घरासाठी. थोरली साडेतीन वर्षांची आणि बालवाडीत जाणारी, आईबाबा दोघंही नोकरीवाले, आणि तीन-चार महिन्यांसाठी येणारी आजी. आमच्या घरी हेच गणित होतं. दोन मुलांत सात-आठ वर्षांचं अंतर असेल तर यातलं निम्मं गैरलागू आहे. दीड वर्षाचं असेल तर सगळं लागू आहे आणि पुरेसं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं आपल्या घरी, असं हल्ली पुष्कळ घरांत होतं. त्याचं कारणही थोरलीच. माहेरी गेलं की तिची शाळा बुडते, बाबा दिसत नाही, झोपायची जागा बदलते, आणि त्यातच बाळ येतं. चार बदल एकदम. त्यापेक्षा आजीने येणं बरं. पण तिने प्रसूतीच्या आठवड्यात येऊ नये, निदान महिनाभर आधी यावं. पोळीचा कुठला पापुद्रा खाते, दूध कोमट की गार, शू आली की काय म्हणते, हे आजीला आई घरात असतानाच कळलं पाहिजे.

बदलांचा नियम एकच आहे: प्रसूतीच्या तीन महिने आधी, नाही तर तीन महिने नंतर. लंगोट सोडवणं, बाटली बंद करणं, वेगळ्या गादीवर निजवणं, नव्या शाळेत घालणं, यातलं काहीही मधल्या काळात काढू नये. नवव्या महिन्यात घाईघाईने बाटली बंद केली तर ती बाळाने पळवली असा तिचा समज होतो, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. तिचा पाळणा किंवा छोटा पलंग बाळाला द्यायचा असेल तर तोही तीन महिने आधीच घडी करून माळ्यावर टाकायचा. मग तो खाली येतो तेव्हा तिचा राहिलेला नसतो.

बाळ येणार हे तिला पोट दिसायला लागल्यावर सांगावं. तिसऱ्या महिन्यात सांगितलं तर ती रोज सकाळी "आलं का?" विचारते. तीन वर्षांच्या मुलाला महिने कळत नाहीत, सण कळतात. "गणपती जातील, मग दिवाळीचा किल्ला करू, आणि मग बाळ" असं सांगितलेलं तिच्या ध्यानात राहतं. "तुला खेळायला कुणीतरी येणार" हे मात्र सांगू नये. येतं ते झोपणारं, रडणारं, आईच्या मांडीवरून न उठणारं गाठोडं, आणि तिला फसवल्यासारखं वाटतं. बाळ सुरुवातीला काय काय करणार नाही, याची यादीच तिला सांगावी.

आणखी एक पीडा म्हणजे "तुला भाऊ हवा की बहीण?" लहान मुलाच्या तोंडून निघालेलं खरं होतं अशी समजूत असल्याने प्रत्येक पाहुणा हे विचारतो, आणि तिने "भाऊ" म्हटलं की टाळ्या पिटतो. मग बहीण झाली तर आपलं काहीतरी चुकलं असं त्या पोरीला वाटतं. घरातल्यांनी एक उत्तर ठरवून ठेवावं, "आम्हाला बाळ हवंय", आणि विषय तिथेच तोडावा. "आता आई तुझी नाही हं, बाळाची", "हे बाळ आम्ही घेऊन जाऊ का?" हीसुद्धा त्याच जातीची थट्टा. मोठ्यांना हसू येतं. तीन वर्षांच्या मुलीला ती धमकी वाटते.

डॉक्टरकडच्या बाजूला दुसऱ्या खेपेत थोड्याच गोष्टी वेगळ्या असतात, पण त्या माहीत हव्यात. मागच्या गरोदरपणात धनुर्वाताच्या दोन्ही मात्रा झाल्या असतील आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस गेले असतील, तर सरकारी वेळापत्रकात टीडीचा, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचा, एकच बूस्टर असतो. म्हणून जुनं कार्ड शोधून ठेवायचं. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असेल तर आईच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ नयेत म्हणून देतात ते अँटी-डी इंजेक्शन पहिल्या वेळी दिलं होतं का, हे जुन्या डिस्चार्ज कार्डावर पाहायचं आणि पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगायचं. या वेळी रक्तात अँटिबॉडी तयार झाल्यात का याची तपासणी होते. झाल्या नसतील तर साधारण २८व्या आठवड्यात इंजेक्शन देतात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर ७२ तासांत पुन्हा. पहिलं सिझेरियन असेल आणि या वेळी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करायचा असेल, तर कुठल्याही क्षणी शस्त्रक्रिया करता येईल असंच रुग्णालय हवं. रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात, हे सरळ विचारावं. त्यात अवघडण्यासारखं काही नाही.

कळांचं गणितही बदलतं. पहिलटकरणीला पहिल्या कळेपासून पुष्कळ वेळ मिळतो. दुसऱ्या वेळी एकदा कळा नियमित झाल्या की बहुधा सगळं भराभर होतं. "मागच्या वेळी रात्रभर लागली होती" या हिशोबावर घरी थांबून राहिलेल्या बायका अर्ध्या वाटेत अडकतात. रुग्णालयापर्यंतचा रस्ता संध्याकाळी सहा वाजता एकदा गाडीने करून पाहावा आणि लागलेली मिनिटं लिहून ठेवावीत. रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर थोरलीजवळ कोण येणार, त्यांना यायला किती वेळ लागतो, त्यांच्याकडे घराची किल्ली आहे का? आजी अजून आलेली नसेल तर हे नाव शेजारच्या काकूंचं असतं, आणि त्यांना ते महिनाभर आधी माहीत असायला हवं.

सगळ्यात जास्त मेहनत लागते ती रात्रीच्या सरावाला. नैसर्गिक प्रसूतीनंतर आई एक-दोन दिवस रुग्णालयात असते, सिझेरियननंतर तीन ते पाच. त्या रात्री थोरली कुणाजवळ झोपणार? सातव्या महिन्यापासून आठवड्यातून दोन रात्री तिला बाबांनी निजवायचं, आठव्यात एकाआड एक रात्र. हा सराव फसतो कारण आई शेजारच्याच खोलीत असते. भिंतीपलीकडे आई आहे हे ठाऊक असलेलं मूल बाबांजवळ झोपायला तयार का होईल? म्हणून त्या वेळात आईने खरोखर बाहेर जायचं, खाली फेऱ्या मारायच्या, मैत्रिणीकडे बसायचं. क्रम मात्र तोच ठेवायचा: दात, शू, पाणी, गोष्ट, दिवा. पहिल्या तीन-चार रात्री रडारड होते, मग बाबांची स्वतःची पद्धत तयार होते आणि ती आईच्या पद्धतीसारखी नसते. तिथे आईने गप्प बसावं.

रुग्णालयाची पिशवी भरताना थोरलीचीही एक पिशवी भरायची. शाळेचे दोन गणवेश, पाच दिवसांच्या डब्याची यादी, तिची गोधडी, तापाचं औषध, आणि तिच्या सध्याच्या वजनानुसार मात्रा लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी. शाळेत तिला न्यायला येणाऱ्यांच्या नोंदीत आजीचं आणि काकांचं नाव व फोटो आधीच द्यायचे, नाही तर आई प्रसूतिगृहात आणि पोरगी फाटकाशी, असं होतं.

पहिली भेट. थोरली खोलीत येते तेव्हा बाळ आईच्या कुशीत नसावं, शेजारच्या पाळण्यात असावं. आईचे दोन्ही हात मोकळे हवेत. सिझेरियन असेल तर पोटावर उशी ठेवून तिला बाजूला बसवून जवळ घ्यायचं. बाळाकडे तिचं लक्ष गेलं की मग दाखवायचं, नाही गेलं तर नाही. तिला सलाइनच्या नळीत जास्त रस असू शकतो. नळी कशाला, दुखतं का, हे तिला आधी सांगावं. भेट अर्ध्या तासात आटपावी आणि जाताना बाबांसोबत काहीतरी ठरलेलं असावं, नाही तर दारातलं रडणं आवरत नाही. बाळाने तिच्यासाठी खेळणं "आणलं" असं सांगायची पद्धत आहे. तीन वर्षांपर्यंत चालून जातं. चारच्या पुढची मुलं दुकानाचं नाव विचारतात.

घरी आल्यावर पहिला अडथळा वजनाचा. सिझेरियननंतर साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही असं सांगतात, आणि साडेतीन वर्षांचं मूल १४-१५ किलोचं असतं. "उचलू नकोस, आईला दुखतं" हे तिला बाळामुळे आलेलं बंधन वाटतं. म्हणून उचलण्याच्या जागाच आधी काढून टाकायच्या. बेसिनपुढे आणि कमोडपाशी प्लास्टिकचा स्टूल, गादी जमिनीवर, पाण्याचा पेला तिच्या हाताला येईल असा, चपलांचं कपाट खालचं. "आई बसते, तू मांडीवर ये" हे वाक्य सातव्या महिन्यापासूनच सुरू करायचं, म्हणजे त्याचा बाळाशी संबंध लागत नाही.

दुसरा अडथळा सकाळचा. बाळ-बाळंतिणीला अंघोळ घालायला मावशी येतात. मालीश, अंघोळ, शेक यांत दीड-दोन तास जातात. मावशींची वेळ थोरली शाळेत असतानाचीच ठरवावी. त्या आधी येणार असतील तर आई बंद दाराआड आणि पोरगी दारावर थापा मारत, असं रोज चालतं. निखाऱ्यांची शेगडी तर धावणारं मूल घरात असताना नकोच. भाजण्याची भीती आहेच, शिवाय दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत कोळशाचा धूर कोंडला तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड बाळाला आणि बाळंतिणीला दोघांनाही घातक. ओवा-वावडिंगाच्या धुरीचंही तेच, तान्ह्या छातीला धूर नको. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक पुरतो, आणि टाके असतील तर तोही डॉक्टरांना विचारून. बाळाच्या नाका-कानांत तेल, डोळ्यांत काजळ, सहा महिन्यांच्या आत गुटी, या तिन्हींना बालरोगतज्ज्ञ नको म्हणतात. आजीशी हा वाद मावशी यायच्या आधी मिटलेला बरा.

मागच्यापेक्षा एक गोष्ट जास्त दुखते. बाळ प्यायला लागलं की गर्भाशय आकुंचन पावतं, पोटात कळ येते, आणि दुसऱ्या बाळंतपणानंतर ती पहिल्यापेक्षा जोराची असते. दोन-तीन दिवस राहते. पाजण्याआधी लघवीला जाऊन यावं, मूत्राशय भरलेलं असलं की कळ वाढते. असह्य झाली तर डॉक्टर पाजताना चालणारी गोळी देतात. आईने तोंड वेडंवाकडं केलेलं थोरली बघते आणि बाळ आईला चावतं असं ठरवून टाकते. तिला खरं कारण सांगून टाकावं.

बाळंतिणीचं खाणं पुढचे तीन महिने लागतं. डिंकाचे लाडू टिकतात, ते आधी करून ठेवता येतात. अळिवाचे टिकत नाहीत, त्यात ओला नारळ असतो. अर्धी वाटी अळीव एक वाटी नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजवायचे, दोन वाट्या खवलेला नारळ आणि एक-सव्वा वाटी गूळ घालून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत परतायचं, वर जायफळ. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस. या घाण्यातून थोरलीसाठी चार लहान लाडू वेगळे वळावेत. "ते आईचे, हात लावू नको" हे वाक्य टाळायला एवढंच पुरतं.

आता ते पाच-सहा तास. पाजायला पलंगावर बसू नये. जमिनीवर गादी, पाठ भिंतीला, म्हणजे थोरलीला एका कुशीला टेकता येतं. बाळाला मांडीवर उशी देऊन घेतलं की एक हात मोकळा राहतो, आणि त्या हाताने पुस्तकाची पानं उलटता येतात. आडवं पडून पाजलं तर आईला आराम मिळतो, पण थोरलीकडे पाठ होते. ती घरात नसताना आडवं, असताना बसून, ही वाटणी चालते.

शेजारी एक डबा ठेवायचा, जो फक्त पाजतानाच उघडतो. त्यात चार-पाच वस्तू: मोठे मणी आणि नाडी, चिकटचित्रं, खडू, एक-दोन पुस्तकं. दर आठवड्याला दोन बदलायच्या. एरवी तो डबा दिला की त्याची जादू गेली, आणि हे हटकून होतं, कारण पाहुणे आले की कुणीतरी तोच काढून देतं. पाजायला बसण्याआधी तिला शू करवून आणायची. बाळ नीट प्यायला लागलं की त्याच मिनिटाला हिला शू येते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. एका छोट्या डब्यात कुरमुरे-खजूर आणि पाणी हाताशी ठेवावं, कारण शूनंतर भूक लागते. मोबाइल दिला की शांतता होते हे खरं, पण दिवसाचे पाच तास मोबाइल देणार का, हा हिशोब आधी करावा. आम्ही संध्याकाळच्या एका पाजण्यापुरता ठेवला, कारण त्याच वेळी बाळ सगळ्यात जास्त किरकिरतं आणि कणीकही मळायची असते.

तिने स्वतः दूध मागितलं तर? थोरली थोडी आधीपर्यंत पीत असेल तर मागतेच. दचकू नये. एकदा चव घेऊ दिली की बहुतेक मुलं तोंड वाकडं करून निघून जातात, बहुतेकींना ओढायची कला आठवतही नाही. अजून पीतच असेल तर पहिले काही दिवस चीक बाळाला आधी, उरलेलं तिला. बाळाला पुरतंय की नाही याचा पुरावा पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत किमान सहा ओले लंगोट, आणि साधारण दोन आठवड्यांत परत आलेलं जन्मवजन.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत थोरली मागे जाते. अंथरूण ओलं, बोबडं बोलणं, बाटली हवी, भरवायला हवं. अंथरुणाखाली मेणकापड घालायचं आणि चर्चा करायची नाही. भरव म्हणाली तर भरवावं. "तू आता ताई झालीस ना" हे वाक्य घरातून हद्दपार करावं, पाहुण्यांच्याही तोंडून. ताई होणं म्हणजे काहीतरी काढून घेतलं जाणं, एवढाच त्याचा अर्थ तिला कळतो. मात्र दिवसाही कपडे ओले व्हायला लागले, शू करताना जळजळलं किंवा पोट साफ होईनासं झालं, तर ते मनाचं म्हणून सोडून देऊ नये. लघवी तपासावी.

बाळाला चापट मारणं, पाळण्याची दोरी जोरात ओढणं होणारच. कुठे हात लावायचा हे दाखवावं: पाय, तळवे. टाळू आणि तोंड नाही. दारावर कुणी आलं तरी दोघांना एका खोलीत एकटं ठेवू नये, बाळ उचलून दाराशी न्यावं. रात्री थोरली आणि बाळ शेजारी नकोत, मध्ये मोठं माणूस आणि बाळाची गादी वेगळी, सपाट, उशीशिवाय. मोहरीची उशीही नको. आणि खरा राग बहुधा पहिल्या महिन्यात येत नाही. तो चौथ्या-पाचव्या महिन्यात येतो, बाळ हसायला लागतं, सगळे त्याच्याभोवती जमतात आणि ते तिच्या वस्तू ओढायला लागतं तेव्हा. तोवर आजी परत गेलेली असते. बाबांची रजा तुकड्यांत घेता येत असेल तर निम्मी या आठवड्यांसाठी राखावी. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं.

बालवाडी म्हणजे सर्दी. शाळेतून आल्यावर साबणाने हात, कपडे बदल, मग बाळ. पापा पायांचा घ्यायचा, तोंडाचा किंवा हातांचा नाही. तिचा दीड-दोन वर्षांचा बूस्टर राहिला असेल तर आधी घ्यावा. डांग्या खोकला तान्ह्या बाळापर्यंत बहुधा घरातूनच पोचतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर उद्याची वाट न पाहता डॉक्टर. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा शांत असताना श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त वेळा चालला, किंवा ते प्यायचं थांबलं, तरीही तेच.

कागदपत्रं थोडक्यात. जन्माची नोंद २१ दिवसांत. नाव ठरलं नसेल तर नोंद अडवू नये, ते १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. फॉर्म भरताना थोरलीचा दाखला समोर ठेवावा आणि आईवडिलांची नावं अक्षर न् अक्षर तशीच लिहावीत. एकीकडे माहेरचं आडनाव, दुसरीकडे सासरचं, अशी तफावत पुढे वर्षानुवर्षं पुरते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेसाठी हाच दाखला धरतात. मातृत्व रजा दुसऱ्या अपत्यालाही २६ आठवडे असते, त्यांतले जास्तीत जास्त ८ प्रसूतीआधी घेता येतात. दुसरी मुलगी असेल आणि कुटुंब योजनेच्या अटींत बसत असेल तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत ६,००० रुपये एकरकमी मिळतात.

बारशाला थोरलीला पाळण्याच्या दोरीजवळ उभं करावं. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" झालं, आत्याने कानात कुर्र केलं की तिच्या पाठीवर धपाटे घालायचा मान थोरलीला द्यावा. ते काम ती मनापासून करते.

सहा महिने पूर्ण झाले की बाळाचा वरचा आहार सुरू होतो आणि एक नवी जोखीम येते. एव्हाना थोरलीला बाळ आवडायला लागलेलं असतं, म्हणून ती त्याला खाऊ देते. शेंगदाणा, फुटाणा, द्राक्ष, बिस्किटाचा तुकडा, बोटभर मध. शेंगदाणा श्वासनलिकेत अडकतो. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. "बाळाच्या तोंडात काही घालायचं नाही" एवढं सांगून भागत नाही, तिच्या हाताला काम हवं. भरवताना नाचणीच्या सत्त्वाची वाटी तिने धरायची, चमचा मोठ्या माणसाच्या हातात. तिचा खाऊ ताटलीत घालून जेवणाच्या मेजावर, बाळ जमिनीवर. मणी आणि बटनसेलची खेळणी वरच्या फळीवर. पाजण्याचा तो डबासुद्धा आता तिथेच जातो, कारण बाळ रांगायला लागलं की सगळ्यात आधी त्याच्याकडेच जातं.